मुंबई-पुणे-मुंबई २ : मी रडले, घरातले बाकीचे हसले

दुपारचा_चहा

काल दुपारी टीव्हीवर 'मुंबई-पुणे-मुंबई २' लागला होता. जेवणं झाली होती, ओटा आवरायचा होता, म्हटलं पाच मिनिटं टेकू. उठले ती थेट शेवटच्या पाट्या लागल्यावर. ओटा तसाच, कढईतली भाजी वाळून चिकटलेली.

हा सिनेमा मी तिसऱ्यांदा पाहिला आणि तिसऱ्यांदा त्याच ठिकाणी रडले. दोन्ही घरं लग्नाच्या तयारीत बुडालेली, जो तो खूश, आणि नवरी मुलगी गौरी मात्र आतून हललेली. आपण घाई तर करत नाही ना? तेवढ्यात तिचा जुना मित्र अर्णव परत येऊन उभा राहतो. त्या घोळात गौरीचा चेहरा पाहिला की माझा बांध फुटतोच.

घरच्यांच्या प्रतिक्रिया अशा. लेक (वय १९): "आई, ही रडते कशाला? नाही करायचं तर सांगून टाकायचं ना." नवरा: "पहिला किती मस्त होता. ह्याची पार मालिका करून टाकली." एवढं बोलून पेपर तोंडावर घेऊन झोपला. सासूबाई सिनेमाकडे न बघता माझ्या लाल नाकाकडे बघून हसत होत्या.

पहिला भाग आवडत नाही असा माणूस मला अजून भेटायचाय. दुसऱ्याचं नाव काढलं की मात्र लगेच दोन तट पडतात. मला दुसरा जास्त आवडतो. मी एकटीच आहे का?

उभा_मसाला_डोसा

रुमाल टाकून ठेवतोय. दोन्ही अर्थांनी.

खडकवासल्याचं_पाणी

ताई, एकट्या नाही आहात, पण माझी सोबत नाही मिळायची.

पहिला भाग २०१० च्या जूनमध्ये आला तेव्हा मी कॉलेजात होतो. त्यात काय होतं? एक मुलगी मुंबईहून येते, एक पुणेरी मुलगा भेटतो, दिवसभर दोघं हिंडतात आणि भांडतात. बस्स. पडद्यावर दोन माणसं आणि मागे पुणं. आईबाप नाहीत, मावश्या नाहीत, खलनायक नाही. तो 'तो' होता आणि ती 'ती'. एवढ्या भांडवलावर सतीश राजवाडे यांनी आख्खा सिनेमा पेलून दाखवला. मराठीत असं धाडस किती जण करतात?

दुसऱ्यात काय केलं? त्याला गौतम प्रधान केलं, तिला गौरी देशपांडे केलं आणि मागे सगळं वऱ्हाड उभं केलं. प्रशांत दामले, विजय केंकरे, मंगल केंकरे, सविता प्रभुणे, सुहास जोशी, आसावरी जोशी. एकेक माणूस सोन्यासारखा. पण मी ज्या दोघांसाठी तिकीट काढलं होतं त्यांना एकमेकांशी धड बोलायला जागाच उरली नाही. घरी लग्न असलं की नवरानवरीचं जे होतं तेच!

आणि ते संगीत. कुणी नुसता दीर्घ श्वास घेतला तरी मागून पियानो.

ठाण्याची_राणी

"घरी लग्न असलं की नवरानवरीचं जे होतं तेच!"

अहो, मग तुम्हीच उत्तर दिलंत की! तोच तर सिनेमा आहे. पहिल्यात दोघं दिवसभर भटकतात, कारण त्या दिवशी दुसरं काही करायचंच नसतं. पण होकार दिला की दुसऱ्या दिवसापासून तुमच्या दोघांच्या मध्ये हॉलवाला, केटरर, गुरुजी, "अमक्यांना आमंत्रण गेलं का" हे सगळं येऊन बसतं. माझा साखरपुडा ते लग्न या चार महिन्यांत आम्ही दोघं फक्त पत्रिकेचा मजकूर आणि जेवणातलं गोड यावर बोललो. जिलबी की गुलाबजाम. त्याच्या आधी रात्र रात्र बोलायचो.

दुसऱ्या भागात ते बरोब्बर पकडलंय. उपशीर्षकच 'लग्नाला यायचंच' आहे, तुम्ही आमंत्रण न वाचता आलात त्याला कोण काय करणार.

खडकवासल्याचं_पाणी

आमंत्रण वाचूनच गेलो होतो. आहेर परत मागतोय.

उभा_मसाला_डोसा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

नाना_गिरगावकर

तुम्ही लोक प्रदर्शनाचा दिवस विसरताय. १२ नोव्हेंबर २०१५, दिवाळी पाडवा. त्या एकाच दिवशी हा लागला, 'कट्यार काळजात घुसली' लागला आणि हिंदीत सलमानचा 'प्रेम रतन धन पायो' लागला. तीनही सिनेमे एकाच पाडव्याला! आमच्या घरी त्यावरून जी लढाई झाली तशी फराळाला चकलीवरूनही कधी झाली नाही.

मी आणि आमच्या मातोश्री कट्यारच्या बाजूने. मातोश्रींनी मूळ नाटक तरुणपणी पाहिलेलं, वसंतरावांचा खाँसाहेब त्यांच्या कानात अजून आहे. पोरं सलमानच्या बाजूने. बायको आणि मेहुणी स्वप्नील जोशी-मुक्ता बर्वे या जोडीच्या, म्हणजे ह्या सिनेमाच्या बाजूने. शेवटी दादरला गेलो, तर कट्यारची पाटी 'हाऊसफुल्ल'. मग काय, मुकाट्याने ह्या सिनेमाला येऊन बसलो. मातोश्री पहिला अर्धा तास फुरंगटून पडद्याकडे न बघता पर्समधली खडीसाखर शोधत होत्या.

मध्यंतरानंतर बघतो तर मातोश्रींच्या डोळ्याला पदर. घरी येताना टॅक्सीत म्हणाल्या, "मुलगा चांगला आहे हो. तिला वेळ देतो." त्यांच्या लग्नात त्यांना कुणी वेळ दिला नव्हता, हे आम्हाला सगळ्यांना माहीत. टॅक्सीत कुणी काही बोललं नाही.

कट्यार पुढच्या आठवड्यात पाहिला. तो श्रेष्ठ सिनेमा, यात वाद नाही. पण मातोश्री बोलायच्या त्या याच्याबद्दल.

मेथीची_जुडी

नाना, सुंदर लिहिलंत.

रात्रपाळी

मुख्य मुद्दा कुणी घेतलाच नाही. पहिला आणि दुसरा भाग यांच्यामध्ये एक मालिका येऊन गेली. 'एका लग्नाची दुसरी गोष्ट', २०१२. तेच दिग्दर्शक, तेच दोघं. घना आणि राधा. कित्येक महिने रोज रात्री आपण स्वप्नील-मुक्ताला एकाच घरात बघत होतो. करारावरचं लग्न, मग हळूहळू प्रेम, घरातल्या एकेका माणसाचं लाडिक नमुनेपण, कुहूच्या कविता. आमच्याकडे त्या वेळी भाकऱ्या आधीच थापून ठेवायचे.

त्यामुळे २०१५ ला आपण थिएटरात गेलो ते 'तो' आणि 'ती' यांना भेटायला नव्हेच. निम्मी जनता घना-राधाला भेटायला गेली होती. मोठ्ठं गोड कुटुंब ही त्या मालिकेची देणगी, सिनेमाने ती उचलली. ज्यांनी मालिका मनापासून पाहिली त्यांना दुसरा भाग घरचा वाटला. ज्यांच्या डोक्यात फक्त २०१० होतं त्यांना फसवल्यासारखं वाटलं. धागाकर्तीच्या नवऱ्याने "मालिका करून टाकली" म्हटलं ते अगदी शब्दशः खरं आहे.

ताई, तुम्ही मालिका पाहायचात का?

दुपारचा_चहा

एकही भाग चुकवला नाही :) नवरा त्या वर्षी सेकंड शिफ्टला होता. तुम्ही तर कुंडलीच मांडलीत.

खडकवासल्याचं_पाणी

+१. हे मला सुचलं नव्हतं. आमच्या हॉस्टेलवर टीव्हीच नव्हता.

विश्वचित्रप्रेमी

मुळात तुलना करायची तर हॉलिवूडचा दिग्दर्शक रिचर्ड लिंकलेटरच्या 'बिफोर' त्रयीशी करावी लागेल. १९९५ ला व्हिएन्ना, २००४ ला पॅरिस, २०१३ ला ग्रीस. तेच दोन नट, दर वेळी नऊ वर्षांनी. नटांचं खरं वय वाढतं, तसंच पात्रांचंही. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या हीच पटकथा. आपल्याकडे पाच वर्षांनी सिनेमा आला आणि गोष्ट मात्र पहिला संपला तिथूनच पुढे. म्हणजे मधला काळ वायाच घालवला. ती पाच वर्षं त्या दोघांच्या आयुष्यातही गेली असती, ते लग्न न करता दुरावले असते आणि पुन्हा भेटले असते, तर?

ठाण्याची_राणी

तर माझी आई थिएटरात उभी राहून ओरडली असती.

रात्रपाळी

विश्वचित्रप्रेमी, मुद्दा बरोबर आहे पण माती वेगळी. तिकडे दोघांचं जमलं तर दोघांचं जमलं. आपल्याकडे दोघांचं जमलं की मग "पुढच्या रविवारी घरी येतो" हा दुसरा अंक सुरू होतो. मध्यंतरानंतर नातेवाईक येणं अटळ आहे.

शिवणयंत्र

बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते. जरा लांबेल.

माझं लग्न ठरवून झालं. मुलगा चांगला होता (अजून आहे, आत्ता बाजूला बसून आयपीएल बघतोय). साखरपुड्याला काही वाटलं नाही. लग्नाला अठरा दिवस उरले असताना आईबरोबर ब्लाऊजची मापं द्यायला गेले. आमचे टेलरकाका लहानपणापासूनचे. छातीला टेप लावून म्हणाले, "बाळा, श्वास सोड." मी सोडला. म्हणाले, "अजून सोड, तू धरून ठेवलायस." आणि मला तिथे, कापडाच्या चिंध्यांमध्ये उभ्या उभ्या असं रडू फुटलं की काकांनी टेप गळ्यात टाकली आणि पाणी आणायला गेले. आईला वाटलं रंग आवडला नाही. मला विचाराल तर मला कारण सांगता आलं नसतं. दुसरं कुणी नव्हतं. त्याच्याबद्दल तक्रार नव्हती. नुसती भीती होती, आणि ती कुणाला सांगायची हे माहीत नव्हतं, कारण प्रत्येकाला एकच कळलं असतं, की "हिचं कुणीतरी आहे".

म्हणून दुसरा भाग बघायला बसले तेव्हा पहिला अर्धा तास मी खुर्चीच्या टोकावर होते. वाटलं, आली, माझी गोष्ट आली. एक चांगली मुलगी, चांगला मुलगा, चांगली घरं, आणि तरी छातीत काहीतरी अडकलंय. हे मराठी पडद्यावर मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं.

आणि मग त्यांनी अर्णव आणला.

तिथे माझा सिनेमा संपला. तिच्या भीतीला त्यांनी शर्ट-पँट घातली. आता बघणाऱ्याला सोपं झालं: हा की तो? पण माझा प्रश्न 'हा की तो' कधीच नव्हता. टेलरकाकांकडे उभी होते तेव्हा कुणी 'तो' असता तर उलट बरं झालं असतं, निदान आईला सांगायला काहीतरी असतं. माझ्या सासूला जे वाटलं असतं तेच सिनेमानेही मानलं, की मुलगी कच खाते म्हणजे मागे कुणीतरी असणार.

मुक्ता बर्वेबद्दल तक्रार नाही. तिच्या चेहऱ्यावर ती जुनी, बिनकारणाची भीती शेवटपर्यंत दिसते. पटकथेने साथ सोडल्यावरही तिने ती सोडली नाही. मी रडले, पण ते तिच्यासाठी. सिनेमावर मी अजून रागावलेली आहे.

मेथीची_जुडी

शिवणयंत्र, काय लिहिलंयस गं. "तिच्या भीतीला शर्ट-पँट घातली." हे मी डायरीत उतरवून घेतलं.

दुपारचा_चहा

मी दोनदा वाचलं. मला इतकं कधी नीट सांगता आलं नसतं. मला वाटायचं की अर्णव आला म्हणून मी रडते. पण आता आठवून बघते तर माझं नाक तो यायच्या आधीच लाल झालेलं असतं.

खडकवासल्याचं_पाणी

माझ्या विरोधापेक्षा हा विरोध भारी आहे. मी पियानोवर अडलो होतो.

बाबूराव_नव्हे

मला वेगळा त्रास आहे. गौतम. इतका समजूतदार माणूस मराठी घरात असतो का? होणाऱ्या बायकोचा जुना मित्र आलाय, ती गोंधळलीय, आणि हा म्हणतो तू तुझा वेळ घे! सिनेमा सुटल्यावर पार्किंगमध्ये हेल्मेट घालता घालता बायको म्हणाली, "बघ. शीक." मी म्हटलं, "तुझा कोण अर्णव आलाय की मी शिकू?" पुढचे दोन दिवस दिवाळीचा फराळ स्वतःच्या हाताने काढून घेऊन खाल्ला.

ठाण्याची_राणी

हाहाहा! बाबूराव, दोनच दिवस? वहिनी फार मऊ आहेत.

शिवणयंत्र

यात एक गंभीर मुद्दाही आहे. तिला शंका घ्यायची मुभा आहे, पण ती कुणामुळे? तो मोठ्या मनाचा आहे म्हणून. टाळ्या त्यालाच मिळतात. ती फक्त 'चुकून परत आलेली' ठरते. नानांच्या मातोश्रींचं वाक्य मला आवडलं, पण बघा, त्यांच्याही तोंडून "मुलगा चांगला आहे" असंच आलं.

नाना_गिरगावकर

खरं आहे. विचार करायला लावलंत. मातोश्री आता नाहीत, नाहीतर विचारलं असतं. त्या मात्र म्हणाल्या असत्या, "मिळाला चांगला मुलगा तर घ्यावा पदरात, वाद कसले घालता."

विश्वचित्रप्रेमी

अवांतर: या सिनेमांतली सगळ्यात मोठी गंमत नटनिवडीत आहे. पडद्यावर मुंबईची बाजू घेऊन पुण्याला नावं ठेवणारी मुक्ता बर्वे मूळची चिंचवडची. आणि पुण्याचा कट्टर अभिमानी झालेला स्वप्नील जोशी अस्सल मुंबईकर.

खडकवासल्याचं_पाणी

चिंचवड म्हणजे पुणे नव्हे.

उभा_मसाला_डोसा

हे कोणीतरी म्हणेलच याची वाट बघत होतो. पॉपकॉर्न संपत आलं, तेवढ्यात मिळालं.

चिंचवडे_पाटील

खडकवासला म्हणजे तरी पुणे का? तुमच्याकडून पाणी येतं म्हणून बोलत नाही, नाहीतर...

नाना_गिरगावकर

आणि स्वप्नीलला आमच्या पिढीने कृष्ण म्हणून पाहिलाय रामानंद सागर यांच्या मालिकेत. त्यामुळे तो कितीही पुणेरी तोऱ्यात बोलला तरी मातोश्री त्याला मनातल्या मनात नमस्कार करूनच बघायच्या. गौतम इतका समजूतदार का, याचं उत्तर तिथे आहे बाबूराव. देवाशी बरोबरी करू नका.

पासधारक

नावात 'मुंबई-पुणे-मुंबई' आहे म्हणून एक सांगतो. हे आयुष्य मी अकरा वर्षं जगलोय, डेक्कन क्वीनच्या पासावर. सकाळी सव्वासातला पुण्याहून निघायचं, संध्याकाळी पाच वाजून गेले की परत तीच गाडी. १ जून १९३० ला सुरू झालेली गाडी ही, आणि आमच्या डब्यात काही जण तेव्हापासूनच बसलेले असावेत असं वाटे. जागा ठरलेल्या, पत्त्यांचा डाव ठरलेला, डायनिंग कारमधून ऑम्लेट कधी मागवायचं तेही ठरलेलं. कर्जतला घाट चढायला मागून जादा इंजिन (बँकर) जोडेपर्यंत ज्याला झोप लागली नाही त्याला पुढे लागत नसे.

दुसरा भाग आला त्या आठवड्यात आमच्या डब्यात हाच वाद झाला होता. गंमत अशी की लग्न झालेले सगळे पहिल्या भागाच्या बाजूने आणि बिनलग्नाची पोरं-पोरी दुसऱ्याच्या. आमच्यातले एक ज्येष्ठ बँकवाले म्हणाले होते, "ज्याच्याकडे जे नाही ते त्याला बघावंसं वाटतं. आम्हाला एक दिवस नुसतं हिंडायला मिळेल तर पाहिजे, ह्यांना वऱ्हाड पाहिजे." आणि पत्ते पिसले.

रात्रपाळी

आमच्या डब्यात (कल्याण, फास्ट) असला वाद घालायला श्वास घ्यायला जागा लागते.

चिंचवडे_पाटील

डायनिंग कारमधल्या चीज टोस्टचा उल्लेख न केल्याबद्दल पासधारक यांचा निषेध.

पासधारक

टोस्ट हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.

व्यवस्थापक

मंडळी, धागा सिनेमावर आहे. टोस्टचा आणि चिंचवड पुण्यात येतं का याचा धागा वेगळा काढावा. दुसरा आधीच आहे, तिथे ६१२ प्रतिसाद आहेत.

बर्फातली_तुळस

उशिरा येतेय, इकडे आत्ता सकाळ झाली.

मी टोरांटोजवळ राहते. हा सिनेमा इथे मराठी मंडळींनी एका रविवारी दुपारी एकच खेळ लावून दाखवला होता. बाहेर गारठा, आत कोट खुर्च्यांच्या पाठीवर टाकून दोनेकशे माणसं. त्याच वर्षी माझ्या सख्ख्या धाकट्या भावाचं लग्न झालं होतं आणि माझे कागदपत्र नूतनीकरणात अडकल्याने मला जाता आलं नव्हतं. लग्न मी फोनवर पाहिलं. मावसभावाने मांडवात फोन धरून ठेवला होता. मंगलाष्टकं सुरू झाली आणि त्याने अक्षता टाकायला हात वर केला, तर मला चार मिनिटं फक्त मांडवाचं छत दिसत होतं. पांढरा-केशरी कपडा आणि एक पंखा. आवाज सगळा येत होता. "सावधान" झालं, तेव्हाही मी पंखाच बघत होते.

तर त्या दुपारी पडद्यावर जेव्हा ती सगळी गडबड सुरू झाली, की कुणीतरी कुणाला हाक मारतंय, कुणाचं तरी काहीतरी हरवलंय, कुणीतरी रुसलंय, तेव्हा मला गौरीचं काय होतं याच्याशी खरं सांगते काही घेणंदेणं नव्हतं. मला ती माणसं पाहिजे होती. ती पडद्यावर जितकी जास्त येतील तितकी हवी होती. खडकवासला यांना जी गर्दी नको होती तिच्यासाठी मी बारा डॉलर दिले होते.

सिनेमा म्हणून पहिलाच चांगला आहे. मी तो कधीही बघते आणि हसते. दुसरा परत पाहिला नाही, पाहायचाही नाही. परत बघितला तर त्यातल्या चुका दिसतील.

मेथीची_जुडी

मांडवाचं छत आणि पंखा...

खडकवासल्याचं_पाणी

तुळसताई, नमस्कार घ्या. आहेर परत मागत होतो, तो राहू द्या तुमच्याकडे.

माझं मत बदललेलं नाही, हे नमूद करतो. पण काल रात्री जाऊन पुन्हा पाहिला, पहिल्यांदाच २०१५ नंतर. सोळा मिनिटांत पियानो सात वेळा आला (मोजला). विनोद काही ठिकाणी उगाच ताणलेत. अर्णवबद्दल शिवणयंत्र यांचं शंभर टक्के पटलं. फक्त एक गोष्ट तेव्हा दिसली नव्हती: त्या गर्दीतही ते दोघं जेव्हा एकमेकांकडे नुसते बघतात तेव्हा २०१० चे 'तो' आणि 'ती' दोन-तीन सेकंद परत येतात. मग कुणीतरी हाक मारतं. तेव्हा मला त्या हाक मारणाऱ्याचा राग आला होता. काल आला नाही. माझंही गेल्या वर्षी लग्न झालं, त्याचा परिणाम असू शकेल.

ठाण्याची_राणी

अभिनंदन! आणि हे आत्ता सांगताय? जिलबी की गुलाबजाम?

खडकवासल्याचं_पाणी

श्रीखंड. दोन्ही घरांचं एकमत होईना म्हणून.

बाबूराव_नव्हे

तिसऱ्या भागाबद्दल कुणीच काही बोललं नाही. २०१८ चा. बाळ येणार वगैरे.

रात्रपाळी

तिसरा आवडला म्हणणारे आणि नाही म्हणणारे, दोघंही शांत असतात. भांडायला माणसाचा आधी जीव अडकलेला असावा लागतो.

शिवणयंत्र

तिसरा मी टाळलाय. टेलरकाकांकडची आठवण पुरेशी आहे, लेबर रूमची नको.

दुपारचा_चहा

किती छान लिहिलंय सगळ्यांनी. मी चार दिवसांनी येतेय, पाहुणे होते.

अपडेट असा. धागा मोठ्याने वाचून दाखवला घरात. सासूबाईंना नानांच्या मातोश्री फार पटल्या, त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं. मग काल रात्री लेकीला बसवून पहिला भाग दाखवला, तिने तो पाहिलाच नव्हता. तिला आवडला, पण तिची शंका वेगळीच: "दिवसभर अनोळखी मुलाबरोबर फिरतेय आणि घरी लाइव्ह लोकेशन पाठवत नाही?" मी म्हटलं, २०१० आहे गं ते. म्हणाली, "म्हणजे तुम्ही लोक कुठे आहात ते कोणालाच कळायचं नाही? मस्तच." बराच वेळ गप्प बसून होती.

मग तिने शिवणयंत्र यांचा प्रतिसाद माझ्या फोनवर स्वतः वाचला. वाचून झाल्यावर मला म्हणाली, "आई, तू दुसऱ्या भागात दर वेळी त्याच ठिकाणी का रडतेस? बाबांच्या आधी तुझा कोणी अर्णव होता की टेलरकाका?"

पेपराखालचा माणूस उठून बसला.

उभा_मसाला_डोसा

मग??

ठाण्याची_राणी

ताई, आम्ही वाट बघतोय. काय सांगितलंत?

दुपारचा_चहा

कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्यात. येते नंतर.